सामुदायिक रेडिओ केंद्र काढताय? आधी माणसं, मग कागद, टॉवर नंतर

गेल्या काही वर्षांत "आमच्या भागात सामुदायिक रेडिओ काढायचाय" (म्हणजे भागातल्याच लोकांनी चालवायचं छोटं रेडिओ केंद्र) म्हणून मला जे फोन आले, त्यातले बरेचसे एकाच प्रश्नाने सुरू झाले: "टॉवरला किती लागतील?" प्रश्न योग्य आहे, फक्त तो सहाव्या टप्प्यावरचा आहे. लोक तिथून सुरुवात करतात आणि मग दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे संस्थेच्या कागदांवर, वर्ष-दीड वर्ष अडकून पडतात. एका संस्थेने तर देणगी आली म्हणून लोखंड आणून टॉवर उभाही केला. परवानगीच्या वेळी जागा बदलावी लागली. त्या टॉवरवर आता सीसीटीव्ही आहे.

म्हणून हा क्रम. मी दुष्काळी तालुक्यातल्या एका केंद्रावर निवेदनापासून अर्थिंगला पाणी घालण्यापर्यंत सगळं केलंय. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

सुरुवातीलाच तपासा: अर्ज तुम्हाला करता येतो का?

केंद्राची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देतं. व्यक्तीला ती मिळत नाही. राजकीय पक्षाला आणि त्याच्याशी जोडलेल्या संघटनेला नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीलाही नाही. अर्ज करू शकतात त्या नोंदणीकृत ना-नफा संस्था, शैक्षणिक संस्था, कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं. ना-नफा संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि त्या काळात तिने त्याच भागात काम केलेलं दिसायला हवं. रेडिओसाठी म्हणून काल नोंदवलेली नवी संस्था इथेच बाद होते.

दुसरं, ताकदीचा अंदाज. सामुदायिक केंद्राला १०० वॅट प्रभावी शक्तीची, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या शक्तीची, मर्यादा आहे आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंतच नेता येतो. आवाज साधारण पाच ते दहा किलोमीटर जातो. सपाटीवर थोडा पुढे, डोंगराआड अजिबात नाही. "आख्खा जिल्हा ऐकेल" असं कुणाला सांगितलं असेल तर आजच दुरुस्त करा.

आणि तुम्हाला फक्त भजनं, व्याख्यानं लोकांच्या मोबाइलवर पोचवायची असतील, तर हा खटाटोप कशाला? इंटरनेट रेडिओला ही परवानगी लागत नाही. गाण्यांचे हक्क मात्र तिथेही घ्यावे लागतात.

टप्पा १: परवानगीआधी गावात रेडिओ वाजवा

नकाशावर तुमच्या संभाव्य जागेभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. आत येणारी गावं, वाड्या, तांडे लिहून काढा. हा तुमचा समुदाय. अर्जात "शेतकरी, महिला व युवक" असं लिहून भागत नाही, कारण ते महाराष्ट्रभर आहेत. "या २२ गावांतले कोरडवाहू शेतकरी, मेंढपाळ आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबं" असं लिहिता आलं पाहिजे.

मग त्यातली पाच गावं निवडा. साध्या रेकॉर्डरवर वीस-वीस मिनिटांचे कार्यक्रम करा आणि पेनड्राइव्हच्या स्पीकरवर लोकांसमोर बसून ऐकवा: पारावर, बचत गटाच्या बैठकीत, सकाळी दूध संकलन केंद्रावर. रेडिओवाले याला नॅरोकास्टिंग म्हणतात. याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तुम्हाला दोन गोष्टी फुकटात कळतात: लोक काय ऐकतात आणि कधी ऐकतात.

वेळेबद्दल आम्ही सपशेल चुकलो होतो. "दुपारी दोनला बाया मोकळ्या असतात" हे आमच्या बैठकीत ठरलं. ठरवणाऱ्यांपैकी कुणीही कधी कांदा काढलेला नव्हता, मी धरून. खरी वेळ निघाली संध्याकाळी भाकरी थापतानाची, हात गुंतलेले आणि कान मोकळे.

वही ठेवा: तारीख, गाव, कार्यक्रम, बाया किती, पुरुष किती, कोण काय म्हणालं. ही वही पुढे अर्जासोबत पुरावा म्हणून उपयोगी पडते. सरपंचांच्या छापील शिफारसपत्रांपेक्षा तिचं वजन जास्त असतं.

तपासा: पाच गावांतून किमान दहा जण "मी आवाज देतो" किंवा "मी रेकॉर्डिंगला येते" म्हणाले का? नसतील तर पुढे जाऊ नका. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करायची अट आहे. ती माणसं परवाना आल्यावर आपोआप उगवत नाहीत.

टप्पा २: धर्मादाय कार्यालयातला कागद

महाराष्ट्रातल्या संस्थांचं सगळ्यात जास्त घोडं इथे अडतं. संस्थेची घटना (नियमावली), नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, पदाधिकाऱ्यांची यादी असा गठ्ठा सगळेच जमवतात. घोळ असतो तो यादीत. प्रत्यक्ष काम पाहणारे विश्वस्त वेगळे आणि धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवरची, म्हणजे तिथल्या अधिकृत नोंदीतली, नावं वेगळी. एक अध्यक्ष आठ वर्षांपूर्वी वारलेले, दुसरे पुण्याला मुलाकडे गेलेले, आणि विश्वस्त बदलल्याची नोंद करून घेण्याचा बदल अर्ज कधी दाखलच केलेला नाही. कायद्याने तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो.

आधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा. त्यातली नावं, आधारवरची नावं आणि अर्जात भरायची नावं शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. पदाधिकाऱ्यांची माहिती गृह मंत्रालयाकडेही तपासणीला जाते, तेव्हा "बाळासाहेब" आणि "दत्तात्रय" एकच आहेत हे दिल्लीतल्या माणसाला कळायचं कसं?

सावधान: बदल अर्ज प्रलंबित असेल तर तो मंजूर होईपर्यंत थांबा. "अर्ज भरू, मागाहून कागद देऊ" यात प्रत्येक त्रुटीमागे काही महिने जातात.

याच टप्प्यावर सल्लागार व आशय समितीही बनवा. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यात निम्म्या तरी महिला हव्यात. नावापुरत्या घेऊ नका. समितीची सभा बायांच्या सोयीच्या वेळी ठेवली की नाही, एवढ्यावरूनच समिती खरी की कागदी ते समजतं.

टप्पा ३: जागा, आणि अक्षांश-रेखांशाची गंमत

जागा संस्थेच्या मालकीची किंवा दीर्घ भाडेकराराची हवी, आणि टॉवर समुदायाच्या भागातच हवा. उंचवट्यावर जागा मिळाली तर उत्तम, कारण ३० मीटर मोजले जातात ते तिथल्या जमिनीपासून. टेकडीची उंची तुम्हाला बक्षीस मिळते. पण तिथे वीज येते का, पावसाळ्यात वाट राहते का, रात्री आठच्या कार्यक्रमानंतर निवेदिका घरी कशी जाणार, हे आधी पाहा. शेवटचा प्रश्न मी फार कमी अहवालांत पाहिलाय.

अर्जात अँटेनाच्या जागेचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, अंश-मिनिट-सेकंदात. मोबाइलचा नकाशा बहुधा दशांशात दाखवतो, आणि लोक ते आकडे तसेच उचलतात. समजा मोबाइल म्हणतो १७.३५. याचा अर्थ १७ अंश २१ मिनिटं, कारण ०.३५ ला ६० ने गुणायचं. तुम्ही १७ अंश ३५ मिनिटं लिहिलंत की १४ मिनिटांची चूक झाली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. तुमचा टॉवर कागदावर २६ किलोमीटर उत्तरेला गेला, कदाचित शेजारच्या तालुक्यात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे संस्थेच्या कार्यालयात बसून आकडे घेणं. टॉवरचा पाया जिथे खणणार, तिथे उभं राहून घ्या. समुद्रसपाटीपासूनची उंची, इमारतीवर टॉवर असेल तर इमारतीची उंची वेगळी आणि टॉवरची वेगळी, असं एका कागदावर लिहा. पुढे प्रत्येक अर्जात याच कागदावरून आकडे भरा. दोन अर्जांत दोन आकडे म्हणजे नवी त्रुटी.

ग्रामपंचायतीचा ठराव आणि ना हरकत आत्ताच घ्या. निवडणूक जवळ असेल तर आजच.

टप्पा ४: अर्ज ते करार

इथे हाताशी फार काही नसतं, त्यामुळे थोडक्यात. क्रम मात्र पाठ हवा:

१. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज.
२. इतर मंत्रालयांची तपासणी आणि छाननी.
३. इरादापत्र, बोलीभाषेत एलओआय.
४. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (फ्रिक्वेन्सी वाटप पाहणाऱ्या) शाखेकडे फ्रिक्वेन्सी आणि जागेच्या मंजुरीसाठी, म्हणजे सॅक्फासाठी, अर्ज.
५. बँक हमी आणि मंत्रालयाशी करार. याला सगळे 'गोपा' म्हणतात.
६. केंद्र चालवण्याचा वायरलेस परवाना.

इरादापत्र आलं की पेढे वाटतात आणि परवाना मिळाला समजतात. ते परवाना नाही. त्यावर पुढच्या अर्जांच्या मुदती लिहिलेल्या असतात. ते पान झेरॉक्स करून भिंतीवर लावा. पोर्टलला जोडलेला ईमेल सोडून गेलेल्या कार्यकर्त्याचा असेल तर आधी बदला. त्रुटीचं पत्र त्याच्या इनबॉक्समध्ये तीन महिने पडून राहिल्याचं मी पाहिलंय.

२०२४पासून पहिल्या परवानगीची मुदत पाचऐवजी दहा वर्षं झाली आहे. एकाच संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रांपर्यंत परवानगी मिळू शकते. माझं मत: पहिलं केंद्र तीन वर्षं चालवल्याशिवाय दुसऱ्याचं नावही काढू नका.

सावधान: या टप्प्यात ट्रान्समीटर विकत घेऊ नका. "फक्त टेस्टिंगसाठी" म्हणूनसुद्धा नाही. परवान्याशिवाय तो नुसता बाळगणंही बेकायदा आहे.

टप्पा ५: वाट पाहताना खोली तयार करा

फाइल दिल्लीत असते तेव्हा खोलीचं काम उरका. खोली निवडायची सोपी रीत: रेकॉर्डर चालू करून, दार लावून, पाच मिनिटं गप्प बसा. हे सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सात अशा तिन्ही वेळा करा. मग हेडफोन लावून ऐका. पिठाची गिरणी, देवळाचा भोंगा, शाळेची सुट्टी, पत्र्यावरचा पाऊस, सगळं ऐकू येईल. पत्र्याची खोली शक्य तो टाळाच.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. बाहेरचा आवाज त्यांनी अडत नाही, घुमणंही फारसं कमी होत नाही, आणि उंदीर येतात. जुन्या गोधड्या भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा, खाली सतरंजी घाला, दाराच्या फटी रबराने बुजवा. निवेदनाच्या खोलीत पंखा लावायचाच असेल तर रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करता येईल असं बटण टेबलाजवळ घ्या.

विजेचं गणित इथेच करा. ट्रान्समीटर, संगणक, मिक्सर, दिवा मिळून ४०० वॅट धरले आणि चार तासांचं भारनियमन धरलं, तर १,६०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदावर १,८०० देते, पण ती पूर्ण रिकामी करता येत नाही आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. एका बॅटरीवर चार तास निघणार नाहीत, दोन घ्या.

टप्पा ६: आता टॉवर

फ्रिक्वेन्सी हातात आल्यावरच अँटेना मागवा, कारण तो त्या फ्रिक्वेन्सीला जुळवून घ्यावा लागतो. बहुतेक केंद्रं ५० वॅटचा ट्रान्समीटर घेतात. अँटेना ती शक्ती हव्या त्या दिशेला एकवटतो (याला लाभ किंवा गेन म्हणतात), त्यामुळे बाहेर पडणारी प्रभावी शक्ती १०० वॅटच्या आसपास जाते. "मोठा घ्या, लांब जाईल" सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

उभारणीत तीन गोष्टींवर कंजुषी नको: अर्थिंग, वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा) आणि केबलचे जोड. जोडात पाणी शिरलं की ट्रान्समीटरवरची परावर्तित शक्ती, म्हणजे अँटेनाकडून उलट परत येणारी शक्ती, वाढते. तो आकडा रोज सकाळी वहीत लिहा. पावसानंतर अचानक चढला तर ट्रान्समीटरला दोष देऊ नका, आधी जोड उघडून बघा. मृगाच्या आधी ताणाच्या तारा, नटबोल्ट आणि अर्थिंग तपासायचा दिवस दरवर्षी ठरलेला असू दे.

सावधान: अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर एक सेकंदही चालू करू नका. शक्ती परत उलटते आणि आतले भाग जळतात. उद्घाटनाच्या आदल्या रात्री उत्साहात हे होतं.

मोनोत प्रसारण करा. स्टिरिओला काठावरच्या गावात खरखर जास्त येते, आणि तुमच्याकडे बहुतेक बोलणंच असणार.

टप्पा ७: पहिल्या दिवसाआधी साठ कार्यक्रम

रोज दोन तास प्रसारण आणि त्याचं संध्याकाळी पुनःप्रसारण, एवढंच सुरुवातीला ठेवा. दोन तास म्हणजे अर्ध्या तासाचे चार तुकडे. त्यातले दोन गाणी आणि जुन्यातून भरले तरी रोज दोन नवे लागतात. महिन्याचे साठ. हे साठ तयार असल्याशिवाय उद्घाटनाची तारीख देऊ नका. पाहुण्यांची तारीख मिळाली म्हणून केंद्र सुरू करणाऱ्यांकडे पाचव्या दिवशी फक्त गाणी उरतात.

रेकॉर्डिंगचे नियम थोडेच, पण ते मोडले की दुरुस्ती नाही:

– माइक तोंडापासून एक वीत. हेडफोन कानावर. बाहेर असाल तर माइकवर फोमची टोपी.
– आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. लाल दिवा लागला की तो तुकडा गेला.
– मुलाखत संपल्यावर त्याच जागेची दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात सांधे बुजवायला लागते.
– फाइलचं नाव तारीख-गाव-विषय-रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव. "फायनल", "फायनल दोन", "खरंच फायनल" नको.

संमती सुरुवातीलाच, आवाजातच घ्या: "हे रेडिओवर लागणार आहे, चालेल ना?" आणि एक गोष्ट शहरातल्या प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. दहा किलोमीटरच्या वर्तुळात नाव बदलून काही लपत नाही. आवाज ओळखतात, खोकला ओळखतात, "अगं बाई" म्हणायची ढब ओळखतात. आमच्याकडे एकीने नवऱ्याच्या दारूबद्दल सांगितलं. आम्ही नाव आणि गाव दोन्ही काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून असा मजकूर आम्ही लिहून घेतो आणि लांबच्या गावची दुसरी बाई तो वाचते. तेही मूळ बाईला ऐकवून, तिने हो म्हटल्यावर.

गाण्यांचं: सिनेमाची गाणी लावायला हक्कधारकांचे परवाने लागतात. ओवी, भारूड, गोंधळ, धनगरी ओव्या तुमच्याच गावात आहेत. गाणं पारंपरिक असलं तरी गाणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो, म्हणून सही किंवा अंगठा घ्या.

बातम्यांचं: स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा स्थानिक भाषेत भाषांतर करून चालतं. हवामान, वीज बंद राहणार, पाण्याची पाळी, परीक्षेचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, यात्रा, आपत्तीची सूचना यांना बातमी धरत नाहीत. ग्रामसभा कधी आहे हे सांगा, ग्रामसभेत कोण कुणावर धावून गेलं ते सांगू नका. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा.

टप्पा ८: पहिला महिना

प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं असतं. भीती वाटते तेवढी जागा लागत नाही: १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी. रोज बारा तास चाललात तरी ९० दिवसांचे सुमारे ६२ जीबी. दोन हार्ड डिस्क घ्या आणि दुसरी केंद्राबाहेर कुणाच्या तरी घरी ठेवा.

जाहिराती तासाला १२ मिनिटांपर्यंत चालतात. सरकारी जाहिरातीचा दर २०२४मध्ये दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. १२ मिनिटं म्हणजे दहा-दहा सेकंदांचे ७२ तुकडे, कागदावर तासाला ५,३२८ रुपये. हा आकडा कुणी अंदाजपत्रकात जमेला धरला तर पेन काढून घ्या. पहिल्या वर्षी शिवणक्लास, खताचं दुकान आणि चष्मेवाला हेच येतात, तेही उधारीवर. वीज, एका तंत्रज्ञाचं आणि दोन निवेदकांचं मानधन असा वर्षभराचा खर्च आधी बाजूला असला पाहिजे.

पहिल्या आठवड्यात साधा बॅटरीचा रेडिओ घेऊन एसटीने चारी दिशांना जा. आवाज कुठे फाटतो, कुठे तुटतो, ते नकाशावर खुणा करत चला. मोबाइलवर तपासायचं तर तारेचे हेडफोन न्या. बऱ्याच मोबाइलमध्ये तीच तार अँटेनाचं काम करते.

मग महिन्याच्या शेवटी घराघरात जा, आणि "आमचा रेडिओ ऐकता का?" असं विचारू नका. पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, सगळे हो म्हणतील. विचारा, "काल संध्याकाळी काय लागलं होतं?" जे उत्तर येईल ते त्याच वहीत लिहा, जिच्यात पहिल्या टप्प्यातली पारावरची माणसं मोजली होती.